आजार उलटण्याआधी: मोबाइलवर इशाऱ्यांची घरगुती व्यवस्था कशी उभी करायची

प्रागमध्ये २००५ च्या सुमारास इटारेप्स नावाची एक योजना सुरू झाली. स्किझोफ्रेनियाच्या (भास, भ्रम, संशय होणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णाला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला दर आठवड्याला एसएमएसवर दहा प्रश्न जायचे. झोप कशी आहे, लक्ष लागतंय का, भीती वाढलीय का, अशा धाटणीचे. दोघांनी वेगवेगळी उत्तरं द्यायची. आकडा मर्यादेच्या वर गेला की डॉक्टरांना आपोआप इशारा जायचा, आणि २४ तासांच्या आत औषधाचा डोस वाढवावा अशी सूचना सोबत असायची. सुरुवातीला आधीच्या काळाशी तुलना केली तेव्हा इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण बरंच उतरलेलं दिसलं. पुढे काटेकोर चाचणी घेतली, तर इशारेवाल्या आणि बिनइशाऱ्याच्या गटात म्हणावा तसा फरकच निघेना. इशारे नीट पोचत होते, पण बऱ्याच वेळा डॉक्टरांनी डोस वाढवलाच नव्हता. जपानमध्ये हीच पद्धत घरी येणाऱ्या नर्सच्या जोडीने राबवली, तिथे भरती कमी झाली.

मोबाइलचा विषय निघाला की मला ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते. ‘कुठलं अ‍ॅप घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. इशारा आल्यावर घरातलं कोण हलणार, कुणाला फोन जाणार आणि डॉक्टर काय करणार, हे ठरलेलं नसेल तर महागातलं अ‍ॅपही नुसतं टिंगटिंग वाजत राहतं. म्हणून या लेखातल्या पहिल्या तीन पायऱ्यांत फोनचं काम जेमतेम आहे. त्या गाळून थेट चौथीवर उडी मारू नका.

पुण्या-ठाण्याकडच्या आधारगटांत आजार असलेल्या माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मीही तेच शब्द वापरते. हा लेख स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह (त्याच्या जोडीला मनःस्थितीचे मोठे चढउतार असणारा) किंवा भ्रम-भास होणारा बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा) आजार असलेल्या, सध्या उपचार चालू आणि तब्येत बऱ्यापैकी स्थिर असलेल्या शुभार्थींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. आत्ताच भास-संशय उफाळलेले असतील तर हे वाचत बसू नका. डॉक्टरांना गाठा. व्यवस्था शांत काळातच उभी करायची असते.

पहिली पायरी: मागच्या वेळचा माग काढा

‘मागच्या वेळी कशाने सुरू झालं?’ असं विचारलं की बहुतेक घरांतून ‘अचानकच झालं हो’ असं उत्तर येतं. अचानक क्वचितच होतं. आवाज ऐकू येणं किंवा संशय उघड दिसण्याआधी बहुधा दोन-चार आठवडे बारीकसारीक गोष्टी बदलू लागलेल्या असतात. झोप तुटते, माणूस खोलीतून बाहेर कमी येतो, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, साध्या प्रश्नाने भडका उडतो. बर्मिंगहॅमचे मानसशास्त्रज्ञ मॅक्स बर्चवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अशा खुणा मोजायची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येकाच्या खुणा आणि त्यांचा क्रम सहीसारखा ज्याचा त्याचा असतो, हा त्या सगळ्या कामातला आपल्या उपयोगाचा भाग. म्हणजे पुस्तकातली यादी उतरवून भागत नाही.

इथे फोन जुन्या दप्तरासारखा कामाला येतो. मागच्या वेळी भरती झाली किंवा औषध वाढवावं लागलं, ती तारीख धरा आणि तिथून सहा आठवडे मागे जा. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री किती वाजता मेसेज गेलेत? कुठले ग्रुप सोडले? गॅलरीत पहाटे तीनचे फोटो आहेत का? यूपीआयच्या यादीत नेहमी न दिसणारे खर्च? (कॉल लॉग एवढा मागे जात नाही, त्याच्या नादी लागू नका.) हा शोध शुभार्थीने स्वतः घ्यावा, किंवा शेजारी बसून दोघांनी. त्याच्यामागे त्याचा फोन चाळणं हे या व्यवस्थेत बसतच नाही.

मग यादी लिहा, पाच-सहा खुणांची. चांगली यादी साधारण अशी दिसते:

सलग दोन रात्री दोननंतरही जाग.
टीव्ही चालू, पण आवाज बंद.
जेवणाचं ताट खोलीत नेणं.
कारण न देता घरच्या ग्रुपमधून बाहेर पडणं.
‘खालचे लोक मला बघून थांबतात’ हे किंवा याच्या आसपासचं वाक्य.
रस्त्यावरचे आवाज नेहमीपेक्षा मोठे वाटणं.

शेवटची खूण बाहेरून कुणालाच दिसत नाही, ती शुभार्थीच सांगू शकतो. ताटाची खूण आईला दिसते, त्याला स्वतःला जाणवतही नसेल. दोन्ही बाजूंच्या खुणा हव्यात त्या यासाठी. ‘चिडचिड वाढते’ असं मोघम लिहू नका. चिडचिड कुणाची वाढत नाही? ‘एकाच दिवशी दोनदा दार आपटून आत जाणं’ असं लिहिलं तर ते झालं की नाही यावर वाद होत नाही.

दुसरी पायरी: पिवळं झालं तर कोण काय करणार

तीन रंग पुरतात. हिरवा म्हणजे नेहमीसारखं. पिवळा म्हणजे यादीतल्या दोन खुणा सलग दोन-तीन दिवस. लाल म्हणजे भास किंवा संशय उघड दिसणं, जेवण-पाणी-औषध बंद होणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं बोलणं. पिवळ्याची मर्यादा तुमच्या डॉक्टरांशी बोलून वरखाली करा. ज्याचा आजार पूर्वी चार दिवसांत भडकला होता त्याला एक खूणही पुरे.

आता हा कागद घेऊन ओपीडीत जा. सरकारी इस्पितळात आपल्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात हे धरूनच चला. कागद एकच पान असू द्या आणि तीनच प्रश्न विचारा. पिवळं झालं तर नेमका कुणाला फोन करायचा? तुम्ही किती दिवसांत बघाल? तोपर्यंत घरी काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही? उत्तरं तिथेच, त्यांच्यासमोर लिहून घ्या. काही डॉक्टर झोपेची किंवा नेहमीचीच एखादी गोळी अशा वेळी किती वाढवायची हे आधीच लिहून देतात, काही म्हणतात की मला विचारल्याशिवाय काहीच नको. दोन्ही चालेल, पण उत्तर लेखी हवं. डोस स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही.

घरातली माणसंही नावानिशी लिहा. ‘घरचे बघतील’ याचा अर्थ कुणीच बघणार नाही. पिवळ्याला डॉक्टरांना फोन वहिनी करणार, रात्री सोबत झोपायला दादा येणार, ऑफिसात तब्येतीचं कारण शुभार्थी स्वतः कळवणार, असं. त्या पानाचा फोटो काढून संबंधित दोघा-तिघांच्याच छोट्या ग्रुपमध्ये टाका आणि तो मेसेज पिन करा. आत्या-मावशी-काका सगळे असलेल्या ग्रुपवर हे टाकायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको.

याच बैठकीत आणखी एक काम उरकून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शुभार्थीला दोन हक्क दिले आहेत. आजार वाढला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येतं, आणि आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा प्रतिनिधी नेमता येतो. माझ्या मते गोळीच्या आठवणीपेक्षा हा कागद शुभार्थीला जास्त धीर देतो, कारण आपलं म्हणणं लाल दिवशीसुद्धा कुणीतरी वाचणार आहे हे त्याला माहीत असतं.

तिसरी पायरी: सहमती, आणि तीही खरी

ज्या आजारात ‘माझ्यावर कुणीतरी नजर ठेवतंय’ हे लक्षण असू शकतं, त्या आजारात घरच्यांनी गुपचूप नजर ठेवणारं अ‍ॅप टाकणं यासारखा आत्मघात नाही. ते एक ना एक दिवस सापडतं, आणि त्या दिवशी संशय खरा ठरतो. त्यानंतर गोळीचा डबाही विश्वासाने हातात घेतला जात नाही.

तेव्हा चहा घेत बसून सरळ बोला. कुठली माहिती कुणाला दिसेल, कशासाठी, कधीपर्यंत. तीन महिन्यांची मुदत ठेवा, मग पुन्हा विचारा. मधेच बंद करायचा हक्क शुभार्थीचा, आणि बंद केलं म्हणून तो दिवस लाल धरायचा नाही. लोकेशन कायमचं चालू ठेवण्याची गरज बहुतेकांना नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तासांपुरतं लाइव्ह लोकेशन पाठवता येतं. एकट्याने प्रवास करताना तेवढं पुरतं.

शुभंकरांनी स्वतःसाठीही एक नियम घालून घ्यावा. गोळीबद्दल दिवसातून एकदाच विचारायचं, किंवा विचारायचंच नाही आणि ठरलेल्या मेसेजची वाट बघायची. आमच्या गटात एका भावाने बहिणीला म्हटलेलं वाक्य मी विसरलेले नाही: ‘ताई, तू मला सकाळी “कसा आहेस” विचारतेस ना, तेव्हा तू डब्याकडे बघत असतेस.’

चौथी पायरी: गोळ्या आणि इंजेक्शन

इथून फोन खऱ्या अर्थाने कामाला लागतो. पहिल्या झटक्यातून बऱ्या झालेल्या रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा करणारा न्यूयॉर्कचा एक अभ्यास १९९९ मध्ये आला. औषध थांबवलेल्यांत आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट होता. त्यामुळे बाकी काहीच जमलं नाही तरी ही पायरी सोडू नका.

फोनमधल्या साध्या घड्याळाचा गजर लावा. वेगळं औषधांचं अ‍ॅप हवंच असं नाही. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळे अशी अ‍ॅप मागच्या मागे बंद पडतात आणि तीन दिवसांनी कळतं की आठवण आलीच नव्हती. घड्याळाचा गजर सहसा दगा देत नाही. अ‍ॅपच हवं असेल तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढून टाका.

गजराची वेळ रोज होणाऱ्या कामाला बांधा. नऊ वाजता माणूस कधी गाडीवर असतो, कधी अंघोळीत. रात्रीचं जेवण साडेआठला होत असेल तर गजर आठ पन्नासला. गजराच्या नावात ‘रिस्पेरिडोन’ किंवा ‘गोळी’ असं लिहू नका, लॉक असलेल्या पडद्यावरही ते दिसतं आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाचतो. ‘पाणी पी’ लिहा. गजर बंद करायचा तो डबा हातात आल्यावरच. आधी बंद केला की गोळी राहिलीच म्हणून समजा.

वारांचे कप्पे असलेली डबी मेडिकलमध्ये मिळते. रविवारी भरायची. ‘घेतली की नाही आठवत नाही’ हा प्रश्न त्या डबीने सुटतो, फोनने नाही.

कॅलेंडरमध्ये तीन नोंदी करा, शुभंकराबरोबर शेअर करून. गोळ्या संपायच्या सात दिवस आधीची एक, कारण सरकारी फार्मसीत किंवा तालुक्याच्या मेडिकलमध्ये नेमकी तीच गोळी नसते. ओपीडीच्या तारखेची दुसरी. दोन आठवड्यांनी, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन चालू असेल तर त्याची तिसरी, चार दिवस आधी आणि त्या सकाळी अशा दोन आठवणींसह.

क्लोझापिन हे औषध चालू असलेल्यांनी दोन गोष्टी फोनमध्ये ठळक लिहून ठेवाव्यात. रक्ततपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, सुरुवातीचे महिने त्या फार दाट असतात. आणि गोळ्या ४८ तासांपेक्षा जास्त चुकल्या तर जुन्या डोसने पुन्हा सुरू करायच्या नाहीत, आधी डॉक्टरांना फोन. गावाला गेल्यावर डबी विसरली, तीन दिवसांनी परत येऊन पूर्ण डोस घेतला, असं होतं आणि ते धोक्याचं आहे.

पाचवी पायरी: नोंद, पण जिवाला घोर न लावणारी

रोज वीस प्रश्न विचारणारं काहीही दोन आठवड्यांत बंद पडतं. स्थिर तब्येतीत आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, पाच प्रश्न पुरतात. गूगल फॉर्म करा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करा. प्रश्न तुमच्या यादीतूनच येऊ द्या, आणि उत्तर ०, १ किंवा २: नेहमीसारखं, थोडं वेगळं, बरंच वेगळं. ‘या आठवड्यात झोप?’ ‘लोकांचं बघणं-बोलणं माझ्याबद्दल वाटलं?’ ‘एकटं राहावंसं वाटलं?’ ‘आवाज, उजेड जास्त वाटले?’ ‘गोळ्या?’ शुभंकराने आपले पाच वेगळे भरावेत, एकमेकांचं न बघता. बेरीज नेहमीपेक्षा तीनने चढली तर रोजची नोंद सुरू करायची, रंग पिवळा. तीन हा आकडा माझा ठोकताळा आहे. महिनाभर भरून तुमची नेहमीची बेरीज किती येते ते पाहा आणि मग ठरवा.

ग्लासगो आणि मेलबर्नच्या संशोधकांनी एम्पॉवर नावाचं असंच अ‍ॅप ७३ जणांच्या प्राथमिक चाचणीत वापरलं. त्यात रोजचे प्रश्न तर होतेच, पण स्वतः या आजारातून गेलेले सोबतीही होते, जे फोन करून नोंदींबद्दल बोलत. २०२२ मध्ये आलेल्या निकालात मला सगळ्यात बोलका वाटला तो भाग असा: अ‍ॅप वापरणाऱ्यांची ‘पुन्हा होईल’ ही भीती कमी झाली. या भीतीला कमी लेखू नका. ती झोप उडवते, आणि झोप उडणं हीच तर पहिली खूण.

फोन स्वतःहून खुणा ओळखेल का? बॉस्टनच्या एका छोट्या अभ्यासात १७ रुग्णांच्या फोनमधून हालचाल, कॉल-मेसेज आणि प्रश्नांची उत्तरं तीन महिने गोळा केली. आजार उलटण्याआधीच्या दोन आठवड्यांत वागण्यातली विसंगती इतर वेळेपेक्षा ७१ टक्क्यांनी जास्त आढळली. आशा वाटावी असं आहे, पण माणसं १७. त्याच गटाचं माइंडलॅम्प हे खुल्या स्रोताचं अ‍ॅप बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आणि भोपाळमध्येही संशोधनात वापरलं गेलंय. ‘आमचं अ‍ॅप आजार आधीच सांगतं’ म्हणत वर्षाची वर्गणी मागणारं काही दिसलं तर मात्र पैसे जपून ठेवा. माहितीही जपा. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी दिल्याच्या प्रकरणी २०२३ मध्ये अमेरिकेत ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

घरी करण्यासारखी सोपी गोष्ट म्हणजे अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग किंवा आयफोनमधला स्क्रीन टाइम. रात्री एक ते पाच या वेळात फोन किती चालला, ते शुभार्थीने रविवारी स्वतः बघायचं. झोपेबद्दल आपली आठवण फसवते, तो आलेख सहसा फसवत नाही.

सहावी पायरी: पिवळा दिवस

पिवळ्या दिवशी चर्चा करायची नाही, पानावर लिहिलंय ते करायचं. शुभार्थीने ग्रुपवर एकच शब्द टाकायचा: ‘पिवळा’. उत्तरही ठरलेलं: ‘वाचलं. मी डॉक्टरांना फोन करते. संध्याकाळी येते.’ काय झालं, का झालं, गोळी चुकली होती का, ही सरबत्ती नको.

डॉक्टरांना मेसेज असा पाठवा, की तो रांगेतल्या दोन रुग्णांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात वाचून होईल: ‘नाव, केसपेपर नंबर. निदान. सध्याची औषधं व डोस. चार दिवसांपासून झोप तीन तास, दोन दिवसांपासून ताट खोलीत. भास नाहीत. गोळ्या चालू आहेत. आपण ठरवल्याप्रमाणे कळवत आहे. काय करावं?’ सोबत शेवटच्या चिठ्ठीचा फोटो. मार्च २०२० पासून देशात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. ओळखीच्या रुग्णाला डॉक्टर व्हिडिओ कॉलवर तपासून अनेक औषधं लिहून देऊ शकतात, त्यामुळे गडहिंग्लजहून कोल्हापूर गाठायच्या आधी एक कॉल करून बघायला हरकत नाही. डॉक्टरांकडून उत्तर आलं नाही तर पानावरचा दुसरा नंबर लावा. दुसरा नंबर लिहिलेलाच नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

पिवळे दिवस बऱ्याचदा नुसत्या झोपेने आणि दोन दिवसांच्या रजेने ओसरतात. मग ‘उगाच घाबरवलंस’ असं म्हणायचं नाही. एकदा म्हणालात की पुढचा ‘पिवळा’ यायचा नाही.

फोनच आगीत तेल ओतत असेल तर

काही जणांना पिवळ्या काळात फोनच आजार वाढवणारी वस्तू ठरते. सोफ्याबद्दल बोललो आणि सोफ्याची जाहिरात आली, हे आपल्याला नुसतं विचित्र वाटतं. भ्रम डोकं वर काढत असलेल्या माणसाला तो पुरावा वाटतो. शांत काळातच जाहिराती वैयक्तिक न ठेवण्याचं सेटिंग लावा, अ‍ॅपांची माइकची परवानगी काढा, आणि जाहिरात कशी येते हे एकदा बसून समजावून घ्या. चॅटबॉटशी रात्र-रात्र बोलण्याबद्दलही ठरवून ठेवा. ते बोलणाऱ्याची री ओढतात, आणि भ्रमाची री ओढली जाणं घातक आहे. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ सोरेन ओस्टरगार्ड यांनी २०२३ मध्येच हा धोका लिहून ठेवला होता.

बँकेच्या अ‍ॅपमधून यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते. बायपोलरवाल्यांनी हे जरूर करावं, स्वतःच्या हाताने, हिरव्या दिवशी. आणि ‘फोनमधून मला ऐकतायत’ असं शुभार्थी म्हणाला तर वाद न घालता फोन बंद करून कपाटात ठेवा. नोंद कागदावर चालू ठेवा. व्यवस्थेचा पाया तोच होता.

लाल दिवस

जिवाला धोका वाटत असेल तर ११२, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला. जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा नंबर मात्र आजच सेव्ह करा, त्या रात्री शोधत बसायला नको. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत लॉक न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरता येते. तिथे औषधांची नावं, अ‍ॅलर्जी आणि दोन नातेवाइकांचे नंबर घाला. निदान लिहायचं की नाही, हे शुभार्थी ठरवेल. माणूस घराबाहेर भरकटला तर पोलिसांना किंवा कुण्या भल्या माणसाला तेवढ्याने तुमच्यापर्यंत पोचता येतं.

साधा फोन असेल तर

बटणांच्या फोनवरही यातलं बहुतेक होतं. गजर लावता येतो, रविवारी सहाला भावाचा ठरलेला कॉल घेता येतो, पाच प्रश्न तोंडी होतात, आकडे वहीत. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत झालेल्या, २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरच्या चाचणीत प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात होते. नुसत्या इस्पितळातल्या उपचारांपेक्षा त्याचा थोडा जास्त उपयोग झाला. गावात आशाताईंशी घरोबा असेल आणि शुभार्थीची हरकत नसेल, तर पानावर त्यांचं नाव घाला.

फोन बदलला की

नव्या फोनवर गजर, बॅटरीचं सेटिंग आणि आपत्कालीन माहिती बहुधा आपोआप येत नाही. सिम बदललं तर डॉक्टरांकडे, इस्पितळाच्या केसपेपरवर आणि टेली मानसकडे फॉलोअप चालू असेल तर तिथेही जुनाच नंबर राहतो. त्यामुळे फोन घेतला त्याच संध्याकाळी हा लेख उघडून चौथी पायरी पुन्हा करा, आणि पहिला गजर वाजेपर्यंत जुना फोन चार्ज करून ठेवा.